मिठागरावरची एक हाक

हा प्रवास मी एकदा लिहिलेला आहे. सात वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात तो छापून आला आणि लोकांना आवडला. परदेशी पाहुणे, खाडीकाठची भोळी माणसं, अंगावर काटा आणणारा प्रसंग, सगळं त्यात होतं. त्या लेखात मी दोन ठिकाणी खोटं लिहिलं. कुणी त्या प्रवासाबद्दल विचारलं की मी विषय बदलतो. बायकोनं विचारलं तरी. आता वय झालं, तेव्हा तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. या वेळी जसा झाला तसा.

पेण

पुण्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो होतो. माझा पुतण्या परदेशी प्रवाशांच्या सहलींची व्यवस्था बघायचा. त्याच्याकडे हॉलंडचं एक जोडपं आलं. हेंड्रिक भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांची बायको मार्ग्रीत चित्रं काढणारी. त्यांना ताजमहाल बघायचा नव्हता. समुद्र अडवून केलेली शेती त्यांना बघायची होती. "आमचा सगळा देशच बांधाच्या आत आहे," हेंड्रिक म्हणाले, "तुमचा बांध कसा आहे ते मला पाहू द्या." पुतण्यानं दुभाषा म्हणून मला बरोबर दिलं.

फेब्रुवारी होता. आम्ही पेणला रामवाडीत हमरस्त्याजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. संध्याकाळी गणपतीचे कारखाने पाहायला गेलो. सणाला सहा महिने अवकाश, तरी फळ्यांवर शेकडो मूर्ती ओळीनं बसलेल्या. पांढऱ्या, कोऱ्या. डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. मार्ग्रीतबाई दारातच थांबल्या. "यांना डोळे नाहीत, पण कान पूर्ण आहेत," त्या हळूच म्हणाल्या. मी ते कारागिराला मराठीत सांगितलं. माती मळता मळता तो हसला. "मग? डोळं शेवटी. आधी ऐकाया नको देवाला?"

त्या पांढऱ्या गर्दीत उभं राहिल्यावर आपलं बोलणं कुणीतरी ऐकून घेतंय असं वाटत राहिलं. मी फार वेळ थांबलो नाही.

कारखानदाराच्या घरी पोह्याचे पापड आणि चहा आला. हेंड्रिक आणि मार्ग्रीतबाईंनी एकेक पापड घेतला. घरच्या वहिनींनी आणखी पुढे केला, तर "नको, धन्यवाद" म्हणून हात मागे घेतला. वहिनींचा चेहरा पडला. पापड आवडले नाहीत असंच त्यांना वाटलं. लॉजवर परतताना हेंड्रिक म्हणाले, "फार छान होते. मला आणखी चार खाता आले असते."

"मग घेतले का नाहीत?"

"मी एकदा नको म्हणालो होतो ना."

त्यांच्याकडे चहाबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा बंद होतो. एकदा विचारायचं, एकदा सांगायचं, एकदा हाक मारायची. दुसऱ्यांदा म्हणजे आग्रह, तिसऱ्यांदा म्हणजे उद्धटपणा. मला गंमत वाटली. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो. तीनदा ताटावर हात आडवा धरल्याशिवाय वाढणारी ऐकत नाही. हे मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं. माझ्या वहीतली तेवढीच नोंद पुढे उपयोगी पडली असती.

मिठागर

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं खाडीकडे निघालो. डांबरी रस्ता संपला, मग मातीचा बांध लागला. एका बाजूला भातकापणीनंतरची मोकळी खारजमीन, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे, त्यापलीकडे खाजण, म्हणजे खारफुटीची दलदल, आणि खाडी. वाफ्यांत आभाळ पडलेलं. मिठाचे ढीग इतके पांढरे की डोळे मिटले तरी आत पांढरंच दिसे.

तिथला मुकादम हिराजी. माझ्याच वयाचा, काळा, सडपातळ, पायाची कातडी मिठानं फाटलेली. पुतण्याची त्याच्याशी जुनी ओळख होती, म्हणून आमचं जेवण त्याच्या घरून येणार होतं. त्याची बायको पारूबाई डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून आली. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, वालाची आमटी आणि खास पाहुण्यांसाठी जिताड्याचं, खाडीतल्या माशाचं, कालवण. आम्ही खोपीच्या सावलीत बसलो. खोप म्हणजे चार बांबू, वर पेंढा, दाराला काठ्या विणून केलेला कुडाचा झाप.

"सायब, घ्या की आजून," पारूबाई म्हणाली.

हेंड्रिकनी मान हलवून नको म्हटलं. मी त्यांना कोपरानं ढोसलं, पण पारूबाईनं विचारलंच नाही, सरळ तुकडी वाढली. हेंड्रिकना हसू आलं. "इथे उपाशी राहणं अवघड आहे," ते म्हणाले. मी मराठीत सांगितल्यावर हिराजी मोठ्यानं हसला. "बग गो, सायबाला तुजी रीत कळली!"

जेवताना हेंड्रिकनी उघाडीबद्दल विचारलं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते खारं पाणी बाहेर अडवतं, ओहोटीला आतलं गोडं पाणी सोडून देतं. तसंच दार त्यांच्या आजोबांच्या गावी होतं. इथलं त्यांना बाहेरच्या अंगानं, खाडीच्या बाजूनं पाहायचं होतं. एकट्यानं, सावकाश. उघाडी दूर बांधाच्या वळणापलीकडे होती, खोपीतून दिसत नव्हती.

हिराजीनं हात धुतले आणि माझ्याजवळ सरकून बसला. त्याचं हसू गेलं होतं.

"मास्तर, सायबाला नीट सांगा. जाऊ दे, पन बांध सोडायचा नाय. आन काय लागलं तर हाक मारायची, ती तीन डाव मारायची. लागोपाठ. एक डाव मारली तर आमी ओ नाय देनार."

"का?"

"ही ऐन दुपार. खाजनातून हाक येती. ती एकच डाव येती, दुसरी नाय येत. तिला ओ दिली की मानूस तिकडंच चालत जातो. माझा चुलता गेला तसा. मानूस असंल तर तीन डाव हाक मारंल. तेवढं सांगा सायबाला."

हेंड्रिक आमच्याकडे उत्सुकतेनं बघत होते. "काय म्हणतात ते?"

मी शिकलेला माणूस. परक्या लोकांसमोर, बांध बांधून समुद्र मागे हटवलेल्या लोकांसमोर, भर दिवसा खाजणातून भुतं हाका मारतात हे सांगायची मला लाज वाटली. मी इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतात, खुशाल जा, पण ऊन फार आहे, टोपी घाला."

हेंड्रिकनी हसून टोपी दाखवली आणि हिराजीकडे बघून मान डोलावली. हिराजीनंही मान डोलावली. सायबाला कळलं, असं त्याला वाटलं. माझं पहिलं खोटं ते.

साडेबारा झाले असतील. हेंड्रिक वळणापलीकडे दिसेनासे झाले. मार्ग्रीतबाई पारूबाईला समोर बसवून तिचं चित्र काढत होत्या. वाफ्यांवर काम करणाऱ्या बाया सावलीला येऊन टेकल्या. मी खोपीत आडवा झालो. वारा पडला होता. बगळेसुद्धा एका जागी उभे होते. माझ्या हातातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

आणि हाक आली.

लांब, एकच. शब्द कळला नाही. कुठल्या बाजूनं आली तेही कळलं नाही, पाण्यावर पसरून सगळीकडून आल्यासारखी. बायांचं बोलणं चाकूनं कापावं तसं थांबलं. एकीनं बाजूच्या ढिगातलं चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवलं. मार्ग्रीतबाईंची पेन्सिल चालूच होती. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. पारूबाईनं खाली बघून पदर घट्ट ओढला.

तो आवाज मी ओळखला. माझ्या अंगावर काटा आला होता, हे खरं. पण तरी मी तो ओळखला.

हिराजीनं तोंडातली विडी काढली आणि वळून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता. सायबाला तुम्ही सांगितलंत ना? मग हा कोण? मी नुसतं "हिराजी, तो सायबच आहे" एवढं म्हटलं असतं, तर तो त्या क्षणी उठून धावला असता. पण मग मला सांगावं लागलं असतं की मी निरोप दिलाच नाही. आणि दुसरंही होतं. ओ द्यायला माझीच जीभ उचलेना. इतकी वर्षं वर्गात भुताखेतांची टर उडवणाऱ्या माझी.

मी डोळे मिटून घेतले. झोपलेल्या माणसासारखा श्वास घेऊ लागलो.

थोड्या वेळानं, पंधरा मिनिटं असतील, दुसरी हाक आली. तीही एकच. कुणी हललं नाही. मीही नाही. मग काहीच नाही. मिटलेल्या डोळ्यांआड तो पांढरा रंग तसाच होता आणि भरतीचं पाणी वळल्याचा बारीक आवाज येत होता, कुणीतरी ओठ न हलवता बोलावं तसा.

शेवटी मार्ग्रीतबाईंनी मान वर केली. "हेंड्रिक अजून कसे आले नाहीत?" त्यांनी मला हलवलं. मी डोळे चोळत उठलो. तेवढ्यावरूनच हिराजी समजला, हाक सायबाचीच होती. त्यानं खोपीच्या दाराचा झाप उपटला आणि तो घेऊन बांधावरून धावत सुटला.

उघाडीच्या बाहेर हेंड्रिक कमरेच्या वर चिखलात रुतले होते आणि पाणी छातीला लागलं होतं. पडताना पाय खुब्यात मोडला होता. हिराजी झापावर पालथा पडून सरपटत त्यांच्यापर्यंत गेला. मिठागरावरच्या चार गड्यांनी दोर धरला. त्यांना बाहेर काढेपर्यंत कालवांच्या शिंपल्यांनी हिराजीचे दोन्ही हात आणि गुडघे सोलून निघाले.

बांधावर झोपवल्यावर हेंड्रिक माझ्याकडे बघून सावकाश बोलले. ते मी कधी कुठे लिहिलं नाही.

"मी एकदा हाक मारली. आमच्याकडे एकदा पुरते. वाट पाहिली. मग पुन्हा एकदा मारली. तेव्हा उत्तर आलं. 'ओ' असं. अगदी जवळून, माझ्या पाठीमागून. म्हणून मी पुन्हा ओरडलो नाही. कुणीतरी येतंय असं समजून थांबलो."

त्यांच्या पाठीमागे खाजण होतं. तिथे कुणी नव्हतं.

ती ओ मी दिलेली नव्हती. एवढं मी शपथेवर सांगतो.

जबाब

परदेशी माणूस जखमी, म्हणून दवाखान्यात पोलीस आले. हिराजीचा जबाब मी ऐकला. हातांना पट्ट्या, समोर स्टुलावर चहा गार झालेला.

"हाक ऐकली होती का?" हवालदारानं विचारलं.

"व्हय. ऐकली."

"मग गेला का नाही?"

"साहेब, सायबाला सांगितलं व्हतं तीन डाव मारा. आली एकच डाव. म्हंजे सायब नव्हं, असं वाटलं. मास्तरांनी सांगितलंय त्येंना, विचारा."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. हिराजीनंही पाहिलं, अगदी निर्धास्तपणे.

"जेवणाच्या गडबडीत ते मला ऐकू आलं नसावं," मी म्हणालो. "आणि हाक आली तेव्हा मला झोप लागली होती."

हिराजीनं पट्ट्या बांधलेल्या हातांनी चहाचा पेला जवळ ओढला. मग म्हणाला, "आसंल. मास्तर जेवत व्हते. मी मोठ्यानं बोलायला पायजे व्हतं."

लेखात मी हेच दोन्ही लिहिलं, वर खाडीकाठच्या अंधश्रद्धेबद्दल दोन परिच्छेद जोडले. लेख मिठागराच्या शेठच्या वाचनात आला. अपघातामुळे शेठची आधीच नाचक्की झाली होती. पाहुणा बुडत असताना बसून राहिलेला मुकादम म्हणून त्यानं हिराजीला काढून टाकलं. पिढ्यान्पिढ्या मीठ पिकवणारं ते घर मिठागर सोडून गेलं, असं पुतण्याकडून कळलं. कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी मार्ग्रीतबाईंचं पत्र आलं. हेंड्रिक गेले. पत्रात दोष कुणालाच नव्हता, फक्त शेवटी एक प्रश्न होता. "शेवटच्या महिन्यांत ते खिडकीशी बसून असत. खोलीत कुणी नसताना मधूनच एक लहानसा शब्द म्हणत, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा. ओ. तुमच्या भाषेत याचा अर्थ काय होतो?"

त्या पत्राला मी उत्तर पाठवलेलं नाही.

रोहा, अष्टमी

गेल्या एप्रिलमध्ये मी एकटाच निघालो. हिराजी रोह्याला आहे, अष्टमीत राहतो, एवढं पुतण्यानं शोधून दिलं होतं. पेणहून गाडी धरली. काय बोलायचं ते मी घरूनच ठरवलं होतं आणि डब्यात मनातल्या मनात घोकत होतो. दोनच वाक्यं होती. निडीच्या स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. फलाटावर कुणी चढलं नाही, उतरलं नाही. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "काका, कुनाशी बोलता?" तेव्हा कळलं की मी मोठ्यानं म्हणत होतो.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत गेलो. खाली कुंडलिका नदी उथळ वाहत होती. पत्र्याच्या एका खोलीसमोर पारूबाई वाल सोलत बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"अगो बाई, मास्तर! म्हातारं झालात की वो!" मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, "बसाऽ! पानी देतेऽ!"

मी दचकलो. "पारूबाई, एवढ्या मोठ्यानं..."

"नाय, हे म्हनतात ना, मास्तरांच्या कानाचं दुखनं हाय. दोन्ही डाव ऐकू गेलं नाय बिचाऱ्यांना. मिठागरावरचं कोन काय बोललं की हे सांगतात, मास्तरला नावं ठेवू नका, त्येंना ऐकू असतं तर ते पयले धावले असते."

मी पाणी पीत राहिलो. ती टोमणा मारत होती की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिनं सायबाची चौकशी केली. ते गेल्याचं ऐकून वालाची टोपली बाजूला ठेवली.

"मीठ सुटलं, आता ईट," ती मग म्हणाली. "हे नदीच्या पल्याड भट्टीवर देखरेखीला असतात. बरं हाय. फकस्त हात थंडीत आखडतात, ते शिंपल्यांचं. तुमी जेवायला थांबा, येतील दोन वाजता. नायतर काठावर जाऊन हाक मारा, पात्र अरुंद हाय तितं." आणि पुन्हा माझ्या कानाशी वाकून, सावकाश, लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "तीन डाव मारा हां, मास्तरऽ. ऐन दुपार हाय."

मी काठावर गेलो. समोर भट्टी धुमसत होती. धुराच्या अलीकडे हिराजी माझ्याकडे पाठ करून उभा होता, डोक्याला पंचा. बाया विटा वाहत होत्या. वारा नव्हता. पाण्यावर ऊन पांढरं पसरलेलं.

"हिराजी!" मी हाक मारली.

तो थांबला. वळला नाही. बायाही जागच्या जागी थांबल्या, डोक्यावर विटा तशाच. एकीनं पदर ओढला. हिराजीचा उजवा हात हवेत अर्धवट उचललेला राहिला. तो वाट बघत होता. दुसरी हाक येते का, तिसरी येते का. त्याची पाठ मला इतकी स्पष्ट दिसत होती की तो श्वास रोखून उभा आहे हेही कळत होतं.

मी तोंड उघडलं.

आणि माझ्या पाठीमागून, काठाखालच्या लव्हाळ्यातून, अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "ओ."

मी वळून पाहिलं. लव्हाळे हलत नव्हते. ओल्या मातीवर पाऊल नव्हतं.

मी दुसरी हाक मारली नाही. त्या आवाजाला भ्यालो म्हणून मारली नाही, असं लिहिलं तर ते पुन्हा अर्धंच खरं होईल. भ्यालो होतो, पण पाय जागेवर होते आणि घशात आवाजही होता. मला त्याहून भीती वाटली ती हिराजीची. तिसऱ्या हाकेला तो वळला असता, मला ओळखून हसला असता, हातातलं काम टाकून पाण्यात उतरून माझ्याकडे आला असता आणि माझ्या कानाशी मोठ्यानं बोलला असता.

पलीकडे त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग उचललेला हात खाली घेतला आणि भट्टीकडे चालू लागला. बाया चालू लागल्या. मी पारूबाईच्या दारावरून न जाता मागच्या वाटेनं पूल ओलांडला आणि मिळाली ती गाडी धरली.

निडीपर्यंत घोकलेली दोन वाक्यं अजून माझ्यापाशीच आहेत. हिराजी, तुमचा निरोप मी ऐकला होता आणि सायबाला दिला नाही. हिराजी, ती हाकही मी ऐकली होती, मी जागा होतो, मला माफ करा.